कृपया वैध फाइल निवडा

पूर्वी माणसाचं वजन किलोत मोजत आणि पत रुपयांत. आता दोन्ही केबीत मोजतात. फोटो वीस ते पन्नास केबी, सही दहा ते वीस केबी, दाखले प्रत्येकी दोनशे केबीच्या आत. एवढ्यात जो मावला तो पात्र उमेदवार. बाकीच्यांना पडद्यावर लाल अक्षरांत एक वाक्य दिसतं : 'कृपया वैध फाइल निवडा.' अकरावीच्या प्रवेशापासून पेन्शनच्या कागदांपर्यंत हे वाक्य सगळ्यांना भेटतं. ते वय पाहत नाही, शिक्षण पाहत नाही, ओळखपाळख पाहत नाही. संविधानातली समानता इतक्या निष्ठेने दुसऱ्या कुणीच पाळलेली नाही.

मी सर्व्हरवरचा कोड लिहून पोट भरतो. म्हणजे तुम्ही अर्जाच्या पानावर 'सबमिट' दाबता आणि तुमच्यासमोर ते गोल चक्र फिरू लागतं, तेव्हा पलीकडे जी काही खलबतं चालतात ती लिहून ठेवणाऱ्यांपैकी मी एक. सोसायटीत आणि नात्यात मात्र माझी ओळख 'फोटो लहान करून देणारा' एवढीच आहे. लग्नसमारंभात लोक माझी चौकशी करतात ती 'तुमचं कसं चाललंय' अशी नाही, 'लॅपटॉप आणलाय का' अशी.

परवा समोरच्या विंगेतले काका फोन हातात धरून आले.

"अरे, भाचीच्या परीक्षेचा फॉर्म भरतोय. फोटो पन्नास केबीचा पाहिजे म्हणे. करून दे."

"आता केवढा आहे, काका?"

"पासपोर्ट साइझ."

"तसं नाही, केबीत केवढा?"

काकांनी चष्मा कपाळावर नेला आणि फोन नाकाजवळ आणला. "पाच एमबी."

"मग फार मोठा आहे."

"मोठा कसा? त्यांना पन्नास लागतात, माझे पाचच आहेत!"

मी एमबी आणि केबी यांतला फरक सांगितला. काका बँकेतून निवृत्त झालेले, त्यामुळे हिशेब चटकन डोक्यात बसला. "म्हणजे ते हजारांत बोलतायत आणि मी दहा लाखांत." बरोबर, म्हटलं. "मग त्यांनीच लहान करून घ्यावा की! एवढाली मशिनं कशाला घेऊन ठेवलीत?"

इतका सरळ प्रश्न मी आजवर एकाही मीटिंगमध्ये ऐकलेला नाही.

कारण मर्यादा मुळात चुकीची नाही. दहा लाख उमेदवारांनी पाच पाच एमबीचे फोटो पाठवले तर पन्नास लाख एमबी, म्हणजे पाच हजार जीबी नुसते चेहरेच होतील. पन्नास केबीत बसवले तर तेच पन्नास जीबीत मावतात, ते तर आज एका पेन ड्राइव्हमध्ये बसतात. तेव्हा साठवताना काटकसर करावी, हे कुणीही मान्य करील. पण पाच एमबीचा फोटो पन्नास केबीचा करायला सर्व्हरवर चार-पाच ओळींचा कोड लागतो आणि वेळ लागतो तो सेकंदभराचा. तेच काम दहा लाख माणसं दहा लाख ठिकाणी करतात तेव्हा अख्खा दिवस जातो, वर झेरॉक्सवाल्याला वीस रुपये. देशाचं मनुष्यबळ नेमकं कुठे खर्च होतं, याचा शोध घेणाऱ्यांनी एकदा या खिडकीत डोकावून पाहावं.

कमाल मर्यादेचं निदान कारण तरी सांगता येतं. किमान मर्यादा हे अध्यात्म आहे. सही दहा केबीपेक्षा लहान नको. आता सही म्हणजे पांढऱ्या कागदावरची एक निळी-काळी रेघ. जेपेग नावाच्या फाइलीत चित्र दाबून बसवतात तेव्हा जिथे काहीच नाही तिथला पांढरा भाग जवळजवळ फुकटात जातो. त्यामुळे नेटकी, सुटसुटीत सही सहा केबीत आटोपते आणि अपात्र ठरते. ज्याच्या सहीला फराटे, वेलांट्या आणि शेवटी दोन टिंबं आहेत तो दहाच्या वर सहज पोहोचतो. साध्या सहीचे लोक मग जाड पेन घेतात, कागदावर सावली पडू देतात, मळका कागद शोधतात. स्वच्छ कागदावरची स्वच्छ सही नाकारून मळक्या कागदावरची स्वीकारणारी यंत्रणा आपण उभारली आहे, आणि ती अगदी निर्दोष चालते.

फोटो नि सही झाली की दाखल्यांची पाळी. जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेयर, अधिवास, उत्पन्नाचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, पासबुकाचं पहिलं पान आणि 'वरील सर्व माहिती खरी आहे' असं सांगणारं स्वयंघोषणापत्र. या साऱ्याला शरण जाण्याचं ठिकाण म्हणजे तहसील कचेरीसमोरचं झेरॉक्सचं दुकान. तिथल्या कॉम्प्युटरच्या डेस्कटॉपवर निम्म्या तालुक्याची आधारकार्डं शेजारी शेजारी नांदत असतात. प्रत्येक फाइलीचं नाव 'स्कॅन०००१' किंवा 'न्यू फायनल २'. दुकानदार एका हाताने लॅमिनेशन करत, दुसऱ्याने तुमच्या दाखल्याचं पीडीएफ दाबत असतो. दाबून दाबून ते एकशे नव्याण्णव केबीवर येतं आणि त्यावरची तहसीलदारांची सही वाचेनाशी होते. पण अर्जाची अट वाचण्याची नव्हतीच, वजनाची होती.

आणि गंमत पाहा, या प्रकाराचा उगम खरोखरच झेरॉक्समध्ये आहे. वेबवरच्या अर्जात सुरुवातीला फक्त लिहिता येई, टिक करता येई, बटण दाबता येई. अर्जाच्या खान्यांचे आठ प्रकार होते. नोव्हेंबर १९९५मध्ये झेरॉक्स कंपनीतल्या अर्नेस्टो नेबेल आणि लॅरी मॅसिंटर या दोघांनी एक प्रस्ताव मांडला. इंटरनेटच्या अशा प्रस्तावांना आरएफसी म्हणतात, याचा क्रमांक १८६७. त्यात त्यांनी नववा प्रकार सुचवला : फाइल. शिवाय त्या खान्यात कोणत्या जातीची फाइल चालेल हे लिहिण्याची सोयही त्याच कागदात होती. म्हणजे फाइलींना जातीचा दाखला विचारण्याची प्रथा पहिल्या दिवसापासूनची आहे. त्या प्रस्तावातल्या उदाहरणात जो ब्लो नावाचा एक इसम 'फाइल१' नावाची साधी मजकुराची फाइल पाठवतो आणि ती बिनबोभाट पोहोचते. जो ब्लोला नॉन-क्रिमिलेयर लागत नव्हतं.

ती पद्धत आजही तीच आहे. 'सबमिट' दाबलंत की ब्राउझर तुमचं नाव, पत्ता, मोबाइल आणि फाइल हे सगळं एकाच गठ्ठ्यात घालतो. कुठलं कुठे संपतं हे कळावं म्हणून मधे मधे एक सीमारेषा टाकतो. ही सीमारेषा म्हणजे अक्षरांची अशी एक अगडबंब माळ, की जी तुमच्या फाइलीत चुकूनही सापडणार नाही. भावाभावांच्या शेतजमिनीतही इतकी निर्विवाद हद्द कधी आखली गेलेली नाही.

हा गठ्ठा सर्व्हरच्या दाराशी येतो आणि तिथे त्याची खरी परीक्षा सुरू होते. दारं एकामागे एक असतात आणि प्रत्येकाची उंची वेगळी. पहिल्या दारावर बहुधा एन्जिनएक्स नावाचा सर्व्हर बसलेला असतो. त्याला कुणी काही सांगितलं नसेल तर तो एक एमबीच्या वरचं काहीही आत घेत नाही, ४१३ हा आकडा तोंडावर फेकून दार लावून घेतो. त्याच्या मागे पीएचपी. रासमुस लेरडॉर्फ यांनी १९९५ साली जगापुढे ठेवलेली ही भाषा आजही पुष्कळ अर्जांच्या मागे राबते आहे. तिची मूळची मर्यादा एका फाइलीला दोन एमबी, सगळ्या गठ्ठ्याला मिळून आठ एमबी आणि फाइली वीस. पानावर मात्र कुणी तरी हौसेने लिहून ठेवतं : 'कमाल मर्यादा दहा एमबी.' ते लिहिणारा डिझायनर वेगळा, दार बसवणारा वेगळा, आणि दोघांची भेट प्रकल्पाच्या शेवटच्या दिवशी केक कापताना होते.

त्यातही आठ एमबीची जी मर्यादा आहे, तिचा स्वभाव विलक्षण आहे. ती ओलांडली तर पीएचपी फक्त फाइलच टाकून देत नाही, अख्खा अर्जच विसरते. नाव, पत्ता, वडिलांचं नाव, मार्क, सगळं कोरं. आतला कोड बिचारा पाहतो तर समोर काहीच नाही. मग तो नियमाप्रमाणे उत्तर देतो : 'नाव भरणे आवश्यक आहे. पत्ता भरणे आवश्यक आहे. लिंग निवडा.' अर्जदार पाऊण तास खपून सगळं भरून बसलेला, आणि समोरून विचारणा होते की तुम्ही कोण? या क्षणी माणूस तत्त्वज्ञ तरी होतो किंवा एजंटकडे तरी जातो.

गठ्ठा वजनात बसला, तरी फाइल पोहोचली की नाही याची नोंद पीएचपी आकड्यांत ठेवते. शून्य म्हणजे सगळं ठीक. आपल्याकडे शून्य मिळाल्यावर पास होण्याची ही एकमेव परीक्षा. एक म्हणजे फाइल सर्व्हरच्या मर्यादेपेक्षा मोठी. दोन म्हणजे अर्जात लिहिलेल्या मर्यादेपेक्षा मोठी. तीन म्हणजे फाइल अर्धीच आली, वाटेत रेंज गेली. चार म्हणजे फाइल आलीच नाही. सहा म्हणजे फाइल क्षणभर टेकवायला लागणारा तात्पुरता फोल्डरच जागेवर नाही. सात म्हणजे डिस्कवर लिहिता आलं नाही. आठ म्हणजे पीएचपीला जोडलेल्या एखाद्या उपकार्यक्रमानेच मधे हात घातला. पाच नाही. पाचाची जागा रिक्त आहे आणि भरतीची जाहिरात निघालेली नाही.

आता नीट पाहा. सर्व्हरला नापासाची सात वेगवेगळी कारणं ओळखता येतात. त्यातली सहा आणि सात क्रमांकाची तर शुद्ध त्याची स्वतःची आहेत. घरात फोल्डर नाही किंवा डिस्क भरली, यात अर्जदाराचा काय दोष? तरीही त्याच्यापर्यंत सातही कारणांचं मिळून एकच वाक्य पोहोचतं : 'कृपया वैध फाइल निवडा.' मग तो वैध फाइल निवडतो. पुन्हा निवडतो. फोटो पुन्हा काढतो. पांढऱ्या भिंतीपुढे उभा राहतो, केस विंचरतो, निळा शर्ट घालतो. तिकडे सर्व्हरच्या डिस्कवर एक बाइटही जागा शिल्लक नसते.

एका बाबतीत मात्र सर्व्हरला शिव्या देणं अन्यायाचं आहे. पिनकोडचा एक आकडा चुकला, पान परत आलं, नाव-गाव जागेवर आहे आणि फाइलींचे खाने मात्र रिकामे. लोकांना वाटतं मुद्दाम छळतात. पण तो खाना आधीच भरून ठेवायला ब्राउझर कुणालाही परवानगी देत नाही, आणि ते तुमच्याच भल्यासाठी. नाही तर कुठल्याही भुरट्या पानाने तुमच्या कॉम्प्युटरमधली हवी ती फाइल आपल्या आपण निवडली असती आणि तुम्ही 'पुढे' दाबताच उचलून नेली असती. जुना इंटरनेट एक्सप्लोरर तर फाइल कुठल्या फोल्डरातून आली याचा संपूर्ण पत्ताच सर्व्हरला कळवून टाकत असे. 'साहेबांची कटकट' असं फोल्डरचं नाव असलं आणि अर्ज साहेबांकडेच जायचा असला तर पुढचं सांगायला नको. आताचे ब्राउझर हुशार झालेत. पानाने पत्ता विचारलाच तर ते ठोकून देतात : 'सी ड्राइव्ह, फेकपाथ'. हे खोटं बोलणं वेबच्या अधिकृत नियमांत लिहिलेलं आहे. तुम्ही मोबाइलवरून अर्ज भरत असा, तिथे सी ड्राइव्ह नावाची वस्तूच नसू दे, पत्ता तोच. कारण जुन्या कित्येक पानांना पत्त्यात उलट्या तिरप्या रेघा सापडल्याशिवाय चैन पडत नसे. खोटा पत्ता हाच जिथे कायदेशीर रहिवास आहे, असं हे एकमेव स्थान.

आता सर्व्हरच्या संशयी स्वभावाकडे येऊ. आमच्या सोसायटीच्या फाटकावर एक वही असते. येणारा माणूस नाव, फ्लॅट नंबर आणि कामाचं स्वरूप तिच्यात स्वतःच लिहितो आणि आत जातो. 'पर्सनल' हे या वहीतलं सर्वांत लोकप्रिय काम आहे. ब्राउझर फाइलीबरोबर एक चिठ्ठी पाठवतो, 'ही जेपेग प्रतिमा आहे', ती अगदी या वहीतल्या नोंदीइतकी विश्वासार्ह असते. आणि पानावरची ती चटपटीत तपासणी, म्हणजे फाइल निवडताक्षणी 'फक्त जेपीजी चालेल' असं ओरडणारी, तिची वही तर पाहुण्याने स्वतःच्या घरीच भरून आणलेली. ती तपासणी चालते तुमच्या मोबाइलवर, तुमच्या ब्राउझरमध्ये. ज्याला फसवायचं आहे तो ती बंद करून येतो. तेव्हा भला सर्व्हर ही वही वाचतो, मान डोलावतो आणि सरळ पाहुण्याच्या पिशवीत हात घालतो.

पिशवीत तो पाहतो फाइलीचे पहिले काही बाइट. जेपेगची सुरुवात एफएफ, डी८, एफएफ अशी होते. पीडीएफच्या कपाळावर 'पीडीएफ' असंच लिहिलेलं असतं. झिपची पहिली दोन अक्षरं 'पीके', ही तो प्रकार तयार करणाऱ्या फिल कॅट्झची आद्याक्षरं. वर्डच्या हल्लीच्या फाइली आतून झिपच असतात, त्यामुळे तुमच्या रजेच्या अर्जापासून लग्नाच्या पत्रिकेच्या मसुद्यापर्यंत सगळीकडे फिल कॅट्झची सही आहे. तीही दोन बाइटांत. त्यांना दहा केबीची अट कुणी घातली नव्हती.

पण बदमाशही हे सगळं वाचून येतात. फाइलीच्या सुरुवातीला 'जीआयएफ८९ए' अशी सहा अक्षरं लिहायची, म्हणजे ती जिफ प्रतिमा वाटते, आणि पुढे पीएचपीचा कोड दडवायचा. नाव ठेवायचं 'फोटो.पीएचपी.जेपीजी' किंवा त्याच्या उलट. असा फोटो आत गेला आणि सर्व्हरने तो दाखवण्याऐवजी चालवला, तर घराची किल्ली पाहुण्याकडे. म्हणून जाणते लोक तीन गोष्टी करतात. आलेली प्रतिमा उघडून नव्याने काढतात, म्हणजे बरोबर आलेला कचरा बहुतेक गळून पडतो. तिला आपण स्वतः एखादं अगम्य नाव देतात. आणि ती अशा जागी ठेवतात जिथे कुठलाही कोड चालूच शकत नाही. हा संशय शंभर टक्के रास्त आहे. एक साधी झिप फाइल प्रसिद्ध आहे, बेचाळीस केबीची. ती पूर्ण उलगडली तर सुमारे साडेचार पेटाबाइट होते, म्हणजे पंचेचाळीस लाख जीबी. मर्यादेत बसणारी वस्तू निरुपद्रवी असतेच असं नाही.

नाव बदलण्याला आणखी एक कारण आहे. लाखो लोक 'फोटो' या नावाचीच फाइल पाठवतात. सगळ्या एकाच फोल्डरात मूळ नावाने ठेवल्या तर शेवटी आलेल्याचा चेहरा सगळ्यांना लागेल. शिवाय विंडोजवर 'कॉन', 'ऑक्स', 'नल' अशा नावांना मुळातच बंदी आहे, आणि नावात दोन टिंबं आणि तिरपी रेघ घालून एक मजला वर, थेट नको त्या फोल्डरात शिरू पाहणारेही असतात.

या सगळ्यात मराठी नावाचे हाल वेगळेच. लिनक्सवर फाइलीच्या नावाला साधारण दोनशे पंचावन्न बाइटांची जागा असते. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन. काना, मात्रा, वेलांटी, हलन्त यांची तिकिटं वेगळी. 'क्षितिज' दिसायला तीन अक्षरं, प्रत्यक्षात सात चिन्हं, एकवीस बाइट. आणि नाव 'स्वच्छ' करणारा कोड जर युनिकोडचं भान न ठेवता लिहिला असेल, तर 'दाखला' या तीन अक्षरी नावाच्या जागी एकापुढे एक पंधरा खालच्या रेघा उमटतात. तिकडून फाइल नापास. कारण? वैध नाही. दाखल्याचा दाखलाही उरत नाही.

आणि आडव्या फोटोचं काय? तेही सांगून टाकतो. मोबाइल उभा धरून काढलेला फोटो पुष्कळदा आत आडवाच साठवलेला असतो आणि सोबत एक टीप असते : 'दाखवताना उभा करावा.' सर्व्हर फोटो नव्याने काढतो तेव्हा आधी टीप पाहून फोटो फिरवायचा असतो. ते राहिलं, तर टीप गळून जाते आणि प्रवेशपत्रावर उमेदवार कुशीवर झोपलेला दिसतो. पर्यवेक्षकाला मान वाकडी करून ओळख पटवावी लागते. आयफोनवाल्यांचा ताप निराळा. २०१७पासून त्यांचा फोन फोटो हाइक नावाच्या प्रकारात साठवतो, जो पुष्कळ अर्जांना अजून ठाऊकच नाही. लाखाचा फोन घेतलेला माणूस मग शेजाऱ्याच्या आठ हजारांच्या फोनवर फोटो काढून घेतो. सामाजिक न्याय कधी कधी असाही होतो.

हे सगळं सांगण्याचा मथितार्थ एवढाच, की सर्व्हरने संशय घेणं हा त्याचा धर्म आहे, त्यात तडजोड नको. पण संशयाबरोबर उद्धटपणा यावाच असा नियम कुठल्याही आरएफसीत नाही. फाइल तपासणं सुरक्षेसाठी असतं. कारण न सांगणं, मर्यादा आधी न लिहिणं, भरलेला अर्ज विसरून जाणं हे सुरक्षेसाठी नसतं, ते आळसापोटी असतं. उपाय आधीपासून हाताशी आहेत. डिजिलॉकर २०१५पासून चालू आहे. जो दाखला सरकारनेच दिला आणि सरकारच्याच सर्व्हरवर ठेवला आहे, तो परत सरकारला दाखवण्यासाठी छापून, स्कॅन करून, दाबून, दोनशे केबीत कोंबून पाठवायचा, यात कोणाचं कोणापासून संरक्षण होतं?

म्हणून माझ्या व्यवसायबंधूंना हात जोडून विनंती. फाइल निवडण्याआधी मर्यादा लिहा, आणि जी लिहाल ती सर्व्हरच्या सगळ्या दारांवर तीच ठेवा. फोटो मोठा आला तर तुम्ही लहान करून घ्या, आडवा आला तर उभा करा. सहीला किमान वजन मागू नका. नाकारायचंच असेल तर सातांपैकी कुठलं कारण ते मराठीत सांगा, आणि डिस्क तुमची भरली असेल तर तसं कबूल करा. पिनकोड चुकला तर फाइल फेकून देऊ नका. एकदा आत आली की अर्ज पुरा होईपर्यंत सांभाळून ठेवा, तेवढी जागा निघते.

आणि वाचकहो, तुमच्याकडेही थोडं मागणं आहे. फाइलीला 'न्यू फायनल २' म्हणू नका, स्वतःचं आणि कागदाचं नाव इंग्रजी अक्षरांत द्या. झेरॉक्सच्या दुकानातून निघताना डेस्कटॉपवरचं आपलं आधारकार्ड पुसून घ्या, रिसायकल बिनमधूनसुद्धा. आणि शेवटच्या तारखेला रात्री साडेअकराला अर्ज भरायला बसू नका. पीएचपीचा कोड तुमची सगळी फाइल पोहोचल्याशिवाय कामालाच लागत नाही, आणि त्या वेळी सर्व्हरच्या दारात अख्खा महाराष्ट्र उभा असतो.